हात धुतायत

१

सकाळी सव्वानऊला आईला केंद्रात सोडायचं, साडेनऊला कचेरीतली खुर्ची गाठायची, पाचला आईला परत घ्यायचं आणि वीस मिनिटांत घरी पोचायचं, असा तिचा दिवस सहा महिने बिनबोभाट चालला होता. कचेरी पाणीपुरवठ्याची आणि काम तक्रारींचे फोन घेण्याचं. दिवसभर लोक तिच्यावर ओरडत आणि ती मुकाट्यानं लिहून घेई. मग सुट्टीच्या दिवशी ती स्वतः जगावर ओरडे, पण कागदावर. रस्त्यातला खड्डा, बँकेतला बंद पंखा, औषधाच्या दुकानातला उर्मट माणूस, कोणीच तिच्या अर्जातून सुटलं नव्हतं. धाकटा भाऊ तिला अर्जवाली म्हणायचा. पुढे सगळेच म्हणू लागले, आणि खरं सांगायचं तर तिलाही ते आवडायचं.

आईचं विसरणं वाढलं, एकदा गॅस तसाच चालू राहिला, म्हणून हे केंद्र शोधलं. तिथे म्हाताऱ्या माणसांना दिवसभर सांभाळत. प्रवेशाच्या फॉर्मात एक रकाना होता, 'घरी वारंवार होणारी वागणूक'. तिनं प्रामाणिकपणे लिहिलं, की रोज संध्याकाळी साडेपाचला आई विचारते, "हे आले का गं?"

'हे' म्हणजे बाबा. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती.

आणि अर्जवाली रोज उत्तर द्यायची, "आले, आले. हात धुतायत." की आई गप्प व्हायची. हातातलं बाजूला ठेवायची, शिवणयंत्रावर झाकण घालायची आणि सरळ बसून राहायची. पंधरा मिनिटांत तिच्या चेहऱ्यावरून सगळं पुसलं जायचं. एवढीशी थाप मारून म्हातारीला बरं वाटत असेल, तर कुणाचं काय बिघडलं?

तिनं ते माहिती म्हणून लिहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं तक्रारीवाचून एखादा फॉर्म भरला, आणि लोकांनी नेमकं तेच तक्रार म्हणून धरलं.

२

केंद्रात वागणुकीचं काम बघणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्या टेबलावर निळ्या प्लास्टिकच्या चकत्यांचा डबा असे. ताटातलं संपवलं की एक चकती. रडणं आवरलं की एक चकती. पाच चकत्या झाल्या की खिडकीजवळच्या खुर्चीत अर्धा तास बसायला मिळे. एक निवृत्त डॉक्टर, ज्यांच्या हातून गावातली निम्मी पोरं जन्माला आली होती, ते तीन चकत्या मुठीत घट्ट धरून त्या खुर्चीकडे बघत बसलेले अर्जवालीनं पाहिले, आणि तिचं डोकं तिथेच तापलं.

"आईंचा तो प्रश्न बंद करता येईल," बाई म्हणाल्या. "कुठलीही वागणूक टिकते, कारण तिला काहीतरी मिळत असतं. आईंना उत्तर मिळतं म्हणून त्या विचारतात. उत्तर बंद करायचं. त्यांनी विचारलं की आपण तोंड भिंतीकडे फिरवायचं, मनात दहा आकडे मोजायचे आणि मग भलतंच काहीतरी बोलायचं."

"तोंड फिरवायचं? आईकडून?"

"आईंकडून नाही हो. प्रश्नाकडून."

"बाई, ती माझी आई आहे. शीळ घातली की मिरची द्यायला पोपट नाहीये."

"शिकतात सगळे सारखेच," बाई शांतपणे म्हणाल्या. "पोपट, तुम्ही, मी."

असल्या बायकांशी भांडायचीही सोय नसते. त्या चिडत नाहीत, आवाज चढवत नाहीत, नुसत्या समजून घेतल्यासारखं बघतात. अर्जवालीला वाटलं, टेबलावरचा तो डबा उचलून खिडकीबाहेर भिरकावावा. पण दुसरं केंद्र तासाभराच्या अंतरावर होतं आणि कचेरीत तिच्या रजा संपल्या होत्या. तिनं दात-ओठ खात सही केली आणि घरी लावायचा तक्ता घेतला. आई विचारेल तितक्या रेघा तक्त्यावर ओढायच्या होत्या.

पहिल्या संध्याकाळी आईनं अकरा वेळा विचारलं. अकरा वेळा अर्जवाली भिंतीकडे वळली, समोरचा खिळा बघत दहा मोजले आणि म्हणाली, "आज उकडतंय नाही?" मागे आईचा श्वास ऐकू येत होता. चौथ्या दिवशी सात, सहाव्या दिवशी तीन. नवव्या दिवशी आईनं विचारलंच नाही. तक्ता कोरा राहिला. त्या दिवशी अर्जवाली स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि रागारागानं तक्रारीचे तीन मसुदे लिहिले. तिन्हींत 'अमानुष' हा शब्द होता.

३

अकराव्या दिवशी घरी आल्यावर ती चहा टाकत होती. बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बघते तो आईनं आपली खुर्ची फिरवून भिंतीला तोंड करून ठेवली होती. आई त्या खुर्चीत बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. एक, दोन, तीन.

घड्याळात साडेपाच झाले होते.

"आई, हे काय करतेस?"

आईनं बोट वर केलं, थांब म्हणून. दहापर्यंत मोजून झाल्यावर मान वळवली आणि म्हणाली, "आज उकडतंय नाही?"

प्रश्न बंद करून त्या बाईंचं भागलं नव्हतं. त्यांनी म्हातारीला स्वतःच्याच नवऱ्याच्या आठवणीकडे पाठ फिरवायला शिकवलं होतं. चाळीस वर्षांचा संसार, आणि त्याची किंमत दोन निळ्या चकत्या. अर्जवाली काहीतरी बोलणार, तेवढ्यात दाराच्या चौकटीवर दोनदा वाजलं. टक, टक.

तिनं दार उघडलं. जिन्यात कोणी नव्हतं. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता, एवढंच.

पाइप, तिनं स्वतःला सांगितलं. पाण्याच्या कचेरीत वीस वर्षं काढलेल्या बाईला हे कोणी शिकवायला नको. व्हॉल्व्ह सोडला की पाणी एकदम येतं आणि पाइप भिंतीत ठोका देतो. रोज दहा तरी लोक याच तक्रारीचा फोन करत आणि ती त्यांना हेच सांगत असे. ती आत आली. कपात चहा ओतताना तिच्या लक्षात आलं, की आपण फार सरळ उभ्या आहोत. पाठीचा कणा दुखावा इतक्या सरळ.

तिची पाठ हा कचेरीत कौतुकाचा विषय होता. दिवसभर खुर्चीत बसूनही ही बाई कधी वाकत नाही, म्हणत. ती अभिमानानं सांगे, ही बाबांची देणगी. बाबा टंकलेखनाचा वर्ग चालवायचे. शिकाऊ पोरांच्या मागून फिरताना कुणी वाकलं दिसलं की ते बोटातली अंगठी खुर्चीच्या पाठीवर दोनदा वाजवायचे. घरी आले की दाराच्या चौकटीवर. टक, टक. की सगळं घर जागच्या जागी यायचं. आई यंत्र बंद करायची, रेडिओ गप्प व्हायचा, दोघं भावंडं ताठ बसायची. बाबा अंगठी काढून साबणाच्या वाटीत ठेवायचे आणि खूप वेळ हात धुवायचे. कधी आवाज चढवल्याचं तिला आठवत नव्हतं. एवढी शिस्तीची घरं आता राहिली नाहीत, असं ती नेहमी म्हणायची.

४

दुसऱ्या दिवशी कचेरीत तिनं वहीत पाहिलं. त्यांच्या भागाचा व्हॉल्व्ह सव्वासहाला सुटत होता. वही जुनी असेल, असं तिनं ठरवलं, आणि वही अद्ययावत ठेवत नाहीत म्हणून वरच्या साहेबांना एक चिठ्ठीही लिहिली.

त्या संध्याकाळी चार ठोके पडले. पुढच्या संध्याकाळी सहा. आणि ते आता बाहेरच्या दारावर नव्हते. स्वयंपाकघराच्या चौकटीवर होते, घराच्या आत. भिंतीतला पाइप कुठूनही वाजू शकतो, हे खरंच आहे. पण पाइप आपल्या जागेवर वाजतो. एका चौकटीवरून दुसऱ्या चौकटीवर जात नाही. आई मात्र दर खेपेला भिंतीकडे तोंड करून दहा मोजत होती आणि मोजून झालं की पुन्हा एकपासून सुरू करत होती. तिच्या मानेवर घाम आला होता. अर्जवालीला तो हुंदका दाबल्याचा घाम वाटला.

शनिवारी ती तणतणत केंद्रात गेली. आई शेजारच्या खुर्चीत निळी चकती बोटात फिरवत बसली होती.

"तुम्ही माझ्या आईचं काय करून ठेवलंय, बघा," अर्जवाली म्हणाली. "ती विचारत नाही, बोलत नाही. साडेपाच झाले की भिंतीकडे तोंड करून बसते. तिला तिच्या माणसाची आठवण काढायचीही आता भीती वाटते. याला तुम्ही उपचार म्हणता?"

बाईंनी तक्ता हातात घेतला. अकरा, नऊ, सात, तीन, शून्य. पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"हे जरा जास्तच सरळ उतरलंय," त्या म्हणाल्या. "असं सहसा होत नाही. उत्तर मिळायचं बंद झालं की वागणूक आधी उसळते. जोर वाढतो, पुन्हा पुन्हा होते, नव्या नव्या जागी होते. हट्टी मूल गप्प होण्याआधी शेवटचा आकांत करतं ना, तसं. त्या दिवसांतच घरची माणसं विरघळतात आणि उत्तर देऊन बसतात. मग झालंच. जोर केला की मिळतं, एवढं एकदा कळलं की ते जन्मात सुटत नाही."

"मग आईचं कुठे उसळलं?"

बाई तक्त्याकडे बघत राहिल्या. "तेच म्हणते मी. कुठेतरी उसळायला हवं होतं."

"किती दिवस?" आईनं विचारलं.

दोघी दचकल्या. आई आठवड्यात इतकं स्पष्ट बोलली नव्हती.

"काय किती दिवस, आजी?"

"जोर. किती दिवस करतात?"

"आठवडाभर," बाई हसून म्हणाल्या. "सात दिवस दम धरला की बहुतेक थांबतं."

आईनं मान हलवली आणि बोटं मोजली. अर्जवालीला भडभडून आलं. आपल्या आईला आता या बाईकडून शिकायचं आहे, स्वतःच्या दुःखाचा जोर किती दिवस चालेल ते. परत येताना रिक्षात तिनं मनातल्या मनात चौथा मसुदा पूर्ण केला.

५

रविवारी धाकट्याचा फोन आला. तो लांब राहायचा आणि वर्षातून एकदा यायचा, तोही सकाळी येऊन दुपारी जाणारा. फोन नेहमी रात्रीच्या जेवणानंतर करायचा. आज चुकून संध्याकाळी केला होता. अर्जवालीनं पहिली पाच मिनिटं केंद्राचे वाभाडे काढले.

"ताई, चाललंय ते चालू दे ना," तो म्हणाला. "आई विचारत नाही, तर बरंच आहे."

"बरं? तुला बाप नकोसा झाला असेल, तिला नवरा नकोसा झालेला नाही. रोज वाट बघायची ती."

"वाट बघायची असं तुला वाटतं?"

"मग दुसरं काय? कुणी उगीच विचारतं का, आले का म्हणून?"

तेवढ्यात मधल्या खोलीच्या चौकटीवर वाजायला लागलं. टक, टक. टक, टक. टक, टक. तिनं फोनवर हात ठेवायच्या आत दहा-बारा वेळा वाजलं असेल.

"ताई," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज पार बदलला होता. "आत्ता तू ताठ बसलीस ना?"

तिनं स्वतःकडे पाहिलं. ती ताठ बसली होती.

"पाइप आहे तो," ती म्हणाली.

"मी पण बसलो. इथे. इतक्या लांब, फोनवर ऐकून."

"सवय आहे आपल्याला, लहानपणापासूनची. चांगली सवय आहे."

"तुला आठवतं का, ताठ नाही बसलं तर काय व्हायचं?"

तिनं आठवून पाहिलं. खरोखर काही आठवलं नाही.

"नाहीच आठवणार. तू लगेच शिकलीस," धाकटा म्हणाला. "मी हळू शिकलो. आणि मला वाचवायला मधे कोण पडायचं, तेही तुला दिसलं नसेल, कारण तू समोर बघत बसलेली असायचीस." मग तो घाईनं म्हणाला, "उत्तर देऊ नकोस, ताई. कुणालाच." आणि फोन ठेवला.

तिला भयंकर राग आला. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात? चौकटीवर एव्हाना शांत झालं होतं. आई भिंतीला तोंड करून बसली होती आणि मांडीवर तक्ता उलटा धरून पेन्सिलीनं काहीतरी करत होती. अर्जवालीनं तो ओढून घेतला. मागच्या बाजूला रेघा होत्या, आईच्या हातच्या, दिवसाच्या ओळीनं. दोन, चार, सहा. मग चौदा, मग वीस. आजच्या ओळीत तीसच्या वर.

म्हणजे मनातल्या मनात आई विचारतेच आहे, अर्जवालीला वाटलं. दिवसाला तीस वेळा. तोंडानं विचारायची चोरी झाली, म्हणून कागदावर विचारते आहे. तिला दुसरा काही अर्थ सुचलाच नाही. निदान तिनं सुचू दिला नाही.

६

सोमवारी मुख्य जलवाहिनीची दुरुस्ती होती. सकाळपासून शहराचं पाणी बंद. अर्जवालीनं दिवसभर शे-सव्वाशे लोकांना तेच सांगितलं, उद्या सकाळपर्यंत थेंब येणार नाही. घरी आल्यावर तिनं बेसिनचा नळ सोडून पाहिला. नळानं एक उसासा टाकला आणि गप्प झाला. गच्चीवरची टाकी दुपारीच कोरडी पडली होती. बादलीतल्या पाण्यात तिनं चहा केला आणि कप घेऊन बाहेरच्या खोलीत आली. खुर्ची भिंतीकडे फिरवलेली होतीच. आज आईनं खुर्चीचे हात दोन्ही हातांनी धरले होते.

साडेपाचला सुरू झालं, आणि ते दोनदोनचं नव्हतंच. बाहेरचं दार, स्वयंपाकघर, मधली खोली, न्हाणीघर, सगळ्या चौकटींवर एकामागोमाग एक, घाईघाईनं. कुणीतरी घरभर चालत होतं आणि चालता चालता वाजवत होतं. पाइप रिकामे होते. हे तिच्याइतकं चांगलं शहरात कुणाला माहीत नव्हतं. शिवणयंत्राचं झाकण थरथरायला लागलं. मग आवाज या खोलीच्या चौकटीवर आला, अर्जवालीच्या पाठीमागे, हातभर अंतरावर. लाकडावर धातू. ती वळली असती तर दिसलं असतं. ती वळली नाही, कारण तिची मान वळेना.

"सात, आठ, नऊ, दहा," आई पुटपुटत होती. "एक, दोन, तीन." तिचा चेहरा ओला झाला होता.

आणि आईचा तो ओला चेहरा बघून अर्जवालीच्या भीतीचा राग झाला. तिला सगळं तेव्हा लख्ख दिसल्यासारखं वाटलं. कुठल्या कोण बाईनं ठरवायचं की माझ्या आईनं कुणाला हाक द्यायची? एवढा आकांत चाललाय, आणि आम्ही भिंतीकडे तोंड करून आकडे मोजायचे? या घरात माणसाला उत्तर मिळत होतं. चार वर्षं मिळत होतं. ते कुणी बंद केलं, तर एका प्लास्टिकच्या डब्यानं. तिनं आईच्या मांडीवरचा तक्ता उचलला, टराटरा फाडला आणि तुकडे खाली टाकले.

"नको गं," आई म्हणाली. भिंतीकडे बघतच, अगदी हळू. "आज सातवा आहे."

पण अर्जवाली ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. ती मोठ्यांदा, ठासून बोलली, कचेरीत कधीच न काढलेल्या आवाजात.

"आले, आई. आले. हात धुतायत."

ठोके थांबले.

घर इतकं शांत झालं, की खालच्या रस्त्यावरची सायकलची घंटी ऐकू आली. अर्जवालीनं श्वास सोडला. बघा, तिला म्हणायचं होतं, एवढंच हवं होतं. एका वाक्याचं काम होतं.

मग न्हाणीघराकडच्या बोळातून, बेसिनच्या साबणाच्या वाटीत काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. बारीक, धातूचा. आणि नळ सुटला.

पाणी पडत होतं. पूर्ण दाबानं, संथ. तिच्या जागेवरून बेसिन दिसत नव्हतं, फक्त बाजूच्या खिळ्यावरचा टॉवेल दिसत होता. पाणी खूप वेळ चाललं. नंतर नळ बंद झाला. टॉवेल खिळ्यावरून उचलला गेला, सावकाश, आणि भिंतीच्या कडेआड गेला.

आईनं खुर्ची फिरवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि अर्जवालीला तेच सोसवेना. आई उठली, शिवणयंत्रावरचं झाकण नीट केलं, खाली पडलेले तक्त्याचे तुकडे भराभर गोळा करून झाकणाखाली लपवले आणि परत येऊन बसली. तिचे हात अशा वेळी काय करायचं ते जराही विसरले नव्हते.

"मी विचारायची ना तुला, आले का म्हणून," आई म्हणाली, "तेव्हा एकदा तरी नाही म्हणायचंस गं."

बोळात पावलं वाजली. अर्जवालीला ओरडायचं होतं, निदान उठायचं तरी होतं.

"पाठ," आई कुजबुजली.

पण तिची पाठ केव्हाच ताठ झाली होती.